दुकान वाढवलं

"ताय, तुका माझी आण आसा. थंय तोंड उघडू नको."

धाकट्या भावाने हे मला डिचोलीत गाडीत बसताना सांगितलं, वाटेत पेडणे आलं तेव्हा सांगितलं आणि कोरगावला आबांच्या अंगणात चपला काढताना परत कानाशी येऊन सांगितलं. मी म्हटलं, "अरे, माका काय कळना नाय? एकदा सांगलंस ना?" तर म्हणतो कसा, "तू लहान पोर असतंस तर बरा होता. तोंडात लाडू तरी कोंबलो असतो."

त्याचं चुकत नव्हतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. समोरच्याचं वाक्य चुकलं की माझ्या घशाला खाज सुटते. मग ती लग्नाची पंगत असो, तेरावा असो की शाळेच्या इन्स्पेक्टरचं भाषण असो. आमची आई म्हणायची, "हिका देवान तोंड आधी दिल्यान, अक्कल मागसून." माझ्या या तोंडापायी घरातल्यांनी बरंच सोसलंय. पण त्या दिवशी जे पणाला लागलं होतं ते कुणाचा मानपान नव्हता, भावाचं गराज होतं.

गराज म्हणजे डिचोलीच्या वेशीवरची मोठी पत्र्याची शेड. खाणी जोरात होत्या तेव्हा मातीचे ट्रक तिच्यासमोर रांग लावून उभे असायचे. कुणाचे पाटे मोडलेले, कुणाचा फाळका सुटलेला, कुणाची बॉडी फाटलेली. भावाला धड जेवायला फुरसत नसायची. त्याच्याकडचे वेल्डर, फिटर बहुतेक दोडामार्ग-सावंतवाडीकडचे, तरणेपणी आलेले आणि तिथेच केस पिकलेले. मग खाणी थांबल्या. ट्रक ज्याच्या त्याच्या परसात जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या चाकांवर वेल चढले. भावाने गेट केले, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड केले. जाळ्या-स्टँडवर एवढी माणसं किती दिवस पोसणार? तरी त्याने एकालाही घरी पाठवलं नाही. हट्टी आहे, माझाच भाऊ.

अशात एक परदेशी कंपनी आली. काजू सोलायची यंत्रं त्यांना इथेच बनवून घ्यायची होती आणि त्यासाठी शेड, कारागीर आणि भागीदार हवा होता. भावाची शेड त्यांनी फोटोत पाहिली आणि त्यांना ती आवडली. दुसरी एक जागा त्यांच्या नजरेत होती, ती गोव्याबाहेर, दूर. आता कंपनीतली एक मोठी बाई स्वतः येऊन बघणार आणि ठरवणार होती. ती हो म्हणाली तर शेड पुन्हा उभी राहणार. नाही म्हणाली तर त्या पिकल्या केसांच्या माणसांना काय सांगायचं, हे भावाने मनाशीसुद्धा ठरवलं नव्हतं.

बाई माझ्याच वयाची निघाली. उंच, आखूड पांढरे केस, एका गुडघ्याला पट्टा. तिच्याबरोबर शहरातला एक सल्लागार. मराठी घरातलाच, पण मराठी त्याच्या तोंडात पाहुण्यासारखी यायची, चपला काढायच्या की नाही असा विचार करत. पहिल्या दिवशी त्याने पणजीच्या हॉटेलात पडद्यावर चित्रं दाखवली. वीज किती, बंदर किती जवळ, विमानतळ किती जवळ, सरकार काय काय सवलती देतं. बाई "ठीक, ठीक" म्हणत बसली होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "हे मी घरी वाचलं होतं. आता मला बाजार दाखवा."

आणि आम्ही तिला डिचोलीच्या बाजारात घेऊन आलो ते नेमके दुपारचे!

आमच्याकडे दुपारी जेवून माणूस आडवा होतो. दुकानदार, शिंपी, औषधवाला, सगळे. त्या वेळी बाजारात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. बाई गाडीतून उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेले शटर बघून तिचा चेहराच उतरला. "सगळंच बंद?" तिने विचारलं. सल्लागार घाईघाईने म्हणाला, "जेवणाची सुट्टी." मी म्हटलं, "चारला उघडतील." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

नक्की म्हणजे? देवाला कौल लावून सांगू काय तुला? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "नक्की" म्हटलं.

तर या बाईने काय करावं? गाडी सावलीला लावायला सांगितली आणि काच खाली करून बसून राहिली. आम्हीही बसलो. भावाचा शर्ट पाठीला चिकटला होता. सल्लागार सारखा घड्याळ बघत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या बाजारावर रागावले. म्हटलं, एखाद्याने आज उशीर केला ना, तर बघा. पण नाही. औषधवाल्याचं शटर खडखडलं, मग कापडवाल्याचं, मग भांडीवाला जांभया देत बाहेर आला. बाईने मान हलवली. म्हणाली, "आकडे मला कुणीही देतं. मी इथे येऊन एवढंच बघते, माणसं जे म्हणतात ते होतं की नाही." भावाने इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. कारण लगेच ती म्हणाली, "उद्या मला अशा माणसाला भेटवा ज्याने माझ्याआधी एखाद्या परदेशी कंपनीबरोबर काम केलंय. अधिकारी नकोत. ज्याने केलंय तोच."

असा एकच माणूस आम्हाला माहीत होता. कोरगावचे आबा, आमच्या वडिलांचे जुने स्नेही, नारळ-काजूचे व्यापारी. पूर्वी त्यांच्या गावात बाहेरची एक कंपनी आली होती, नारळाच्या सोडणांचा काथ्या काढून चटया विणणारी. सोडणं पुरवायचं काम आबांकडे होतं. आणि ती कंपनी थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळून गेली हे सगळ्या पेडण्याला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी भाऊ जेवला नाही. "ह्या बायेक कळला की पयली कंपनी पळाली, तर झालाच मगे," म्हणाला. आबांना आधी फोन करून जरा सांभाळून बोलायला सांगावं, असं त्याच्या मनात होतं. आई म्हणाली, "आबाक खोटा शिकवूक जाशीत तर पायरी चढूक देवचो नाय." ते खरंच होतं. आबांचा शब्द म्हणजे शब्द. भावाने फोन ठेवून दिला.

म्हणून तर मला ती आण घातली होती.

आबांनी पडवीत मेज मांडलं होतं, त्यावर धुतलेला कपडा, काजूगरांची बशी आणि चहाचे कोप. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मेजाच्या एका बाजूला बाई आणि सल्लागार, दुसऱ्या बाजूला आबा, आणि कडेच्या बाकावर मी आणि भाऊ अगदी चिकटून. चिकटून का, तर माझा पाय त्याच्या पायाच्या टप्प्यात राहावा म्हणून. बाई विचारायची, सल्लागार मराठीत सांगायचा, आबा बोलायचे, सल्लागार इंग्रजीत सांगायचा. सुरुवात झकास झाली. कंपनीची माणसं कशी होती? चांगली होती. पैसे वेळेवर द्यायची? अगदी वेळेवर. गावकऱ्यांनी त्रास दिला? छे छे, दिवाळीला घरोघरी फोव, म्हणजे पोहे, खायला बोलावलं. भाऊ हळूहळू सैल होत होता. काजूगराची बशी माझ्याकडे सरकवून त्याने मला डोळ्याने खुणावलं, खा, तोंड गुंतव.

मग बाईने विचारलं, "आणि शेवटी काय झालं?"

सल्लागाराने विचारलं, "शेवटी काय झालं, आबा?"

आबांनी कोप बशीत ठेवला. जरा वेळ त्यांनी माडांकडे पाहिलं. म्हणाले, "शेवटाक? शेवटाक एक दीस त्येंनी धंदो वाढवल्यानी."

आता इथेच घोडं पेंड खातं. आमच्या वडिलांचं बाजारात छोटं किराणा दुकान होतं. तिन्हीसांजेला ते म्हणायचे, "चल गो, दुकान वाढवूया." मी इतकी लहान होते की मला वाटायचं, दुकान रोज रात्री खरंच वाढतं. सकाळी जाऊन मी भिंती निरखून बघायची, काही फरक दिसतोय का म्हणून. मग कळलं की दुकान बंद करण्याला असं म्हणतात. धंद्याच्या जागी 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही, अशुभ. तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणायचं नाही, 'तांदूळ वाढले' म्हणायचं. बायकांची काकणं फुटत नाहीत, वाढतात. गिऱ्हाइकालाही तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. 'फाल्यां येता', उद्या येतं, म्हणायचं, म्हणजे त्याचं त्याला समजतं. आबांच्या वयाच्या व्यापाऱ्याच्या तोंडी दुसरा शब्द येणारच नव्हता. कंपनीने धंदा वाढवला, म्हणजे कंपनीने टाळं लावलं.

पण सल्लागाराच्या घरी कुणाचं दुकान नसावं. त्याचा चेहरा उजळला. तो बाईला म्हणाला, "शेवटी त्यांनी इथला धंदा विस्तारला."

मी काजूगर चावायची थांबले.

बाई पुढे झुकली. "विस्तारला? कुठे?"

"कुठे वाढवला, आबा?"

आबांना तो प्रश्न विचित्रच वाटला. "खंय म्हणजे? हंयच. ह्याच गावात."

"इथेच, याच गावात," सल्लागाराने सांगितलं.

"म्हणजे बघा," बाई म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसली. "जो एकदा येतो तो जर त्याच जागी आणखी पैसा घालतो, तर मला दुसरं काही विचारायचं नाही." तिने पेनाला टोपण घातलं.

आबाही हसले. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पाहुणी खूश झाली, यजमान खूश झाला. सल्लागार तर हवेतच. आणि भावाचा पाय माझ्या पायावर येऊन बसला. दाबत नव्हता, नुसता ठेवला होता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तोही त्याच दुकानात वाढलेला. तो मला धमकावत नव्हता. विनवत होता. कुणी खोटं बोललं नव्हतं. आबा खरं बोलले, सल्लागाराने त्याला समजलं ते सांगितलं, बाईने तिला कळलं ते ऐकलं. देवानेच तोंडात घातलेला घास होता तो. फक्त मी काजूगर गिळायचा आणि अळीमिळी गुपचिळी करायची.

मला माझ्या भावाची शेड दिसत होती. ते वेल्डर दिसत होते, पाहुणी येणार म्हणून सकाळपासून धुतलेले कपडे घालून बसलेले. आणि समोर ती बाई, कालची दुपारभर उकाड्यात बसून आमचे शटर उघडतात का बघणारी. ती घरी जाऊन सांगणार की पेडण्यात कंपनी आली, वाढली. मग कधीतरी तिला कळणार. आणि तिला खरं कळेल तेव्हा भावाचं नाव खोटारड्यांत जाणार.

हे सगळं मी तेव्हा असं मांडून विचारात घेतलं असं म्हणाले तर ते खोटं होईल. खरं सांगायचं तर घशाला खाज सुटली.

"चुकलं," मी इंग्रजीत म्हणाले. "त्या शब्दाचा अर्थ तसा नाही."

सल्लागार मराठीत म्हणाला, "ताई, प्लीज, मध्ये नको."

"मध्ये नको काय? दुकान वाढवलं म्हणजे काय ते आईला विचारलं नाहीत काय कधी?" माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. मग मी बाईला सांगितलं. वाढवणं म्हणजे आमच्याकडे बंद करणं. ती कंपनी विस्तारली नाही. गेली. आबांनी खरंच सांगितलं, आमच्या शब्दात.

भावाने पाय काढून घेतला. अगदी हळू. लाथ मारली असती तर परवडली असती.

"काय झाला गो?" आबा गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! तसा नाय, तसा नाय. मी जल्मात कधी खोटा बोलूक नाय, सांग तिका."

बाईने पेनाचं टोपण परत काढलं, पण लिहिलं काहीच नाही. मला म्हणाली, "आता तूच सांग. ती का गेली?"

आबांनी सांगितलं आणि मी शब्दाला शब्द लावून सांगत गेले. काथ्याला सोडणं लागायची डोंगराएवढी. पहिल्यांदा मिळाली. मग लोकांनी माड विकले, जमिनी विकल्या, सोडणं कमी झाली. कंपनीवाला रोज विचारायचा, येणार ना? आणि पार्श्यापासून इब्रामपुरापर्यंतचा प्रत्येक जण त्याला सांगायचा, येणार, येणार. "मीपण म्हणत रवलंय, येतली, येतली," आबा म्हणाले. "शेवटाक त्येचा अंगण रिकामा पडला तेव्हा त्येका कळला."

"तुम्ही त्याला आधीच 'नाही' असं का सांगितलं नाहीत?" बाईने विचारलं.

आबांना तो प्रश्नच कळेना. "तोंडार नाय कसा म्हणाचा? पावणे ते."

पाहुणे होते ते, असं मी सांगितलं. बाईने अंगणाकडे पाहिलं. अंगणात कोंबड्या मातीत उकरत होत्या. मग तिने फार शांतपणे विचारलं, "मग इथे एखादी गोष्ट वाईट चालली आहे, हे माझ्यासारखीला कळणार कसं?"

मी आबांना विचारलं. आबा हसले, समजावणीच्या सुरात म्हणाले, "आमका कळता."

"आम्हाला कळतं," मी बाईला सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला कळतं."

परतताना तिने मला आपल्या शेजारी बसवलं. भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ. म्हापसा गेलं, अस्नोडा गेलं. भावाच्या मानेची शीर मागून दिसत होती, ताठ. सल्लागार आधीच दुसऱ्या गाडीने निघून गेला होता, रागावूनच. मला खूप बोलायचं होतं. तिला सांगायचं होतं की माझा भाऊ तसा नाही, त्याने दिलेली तारीख कधी चुकलेली नाही, ट्रकवाल्यांना विचार. पण पहिल्यांदाच मला शब्द सुचेना. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही म्हणतात. मी तर बोलून भावाचं सोनं घालवलं होतं.

शेडसमोर गाडी थांबली. वेल्डर, फिटर उठून उभे राहिले. बाईने त्या सगळ्यांशी हात मिळवले, एकेका यंत्राला हात लावून पाहिलं, एका जोडावरून अंगठा फिरवला आणि "सुंदर" म्हणाली. भावाच्या चेहऱ्यावर परत थोडी आशा आली. मला ती बघवेना. मग ती भावासमोर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "मी सांगते ते याला याच्या भाषेत सांग. त्या माणसाकडून नको, तुझ्याकडूनच."

ती म्हणाली, "रीत अशी की मी घरी जायचं आणि दोन महिन्यांनी लिहायचं, तुमचा प्रस्ताव विचाराधीन आहे. आमचाही तो 'वाढवलं'सारखाच शब्द आहे. आजच्या नंतर तसं लिहायची मला लाज वाटेल. म्हणून आत्ताच सांगते. माझं उत्तर नाही असं आहे."

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला थोडंफार इंग्रजी कळायचं, पण बाईचे उच्चार निराळे. त्याला ते माझ्याकडूनच ऐकायचं होतं. मागे ती माणसं उभी होती. माझ्या जिभेवर कितीतरी शब्द आले. बघूया म्हणते. कळवते म्हणते. दुसरी जागा बघून येते म्हणते. सगळे आमचेच शब्द, घरचे, मऊ. मी आबांच्या पडवीत जे केलं होतं त्यानंतर मला त्यातला एकही वापरायची सोय राहिली नव्हती.

"ती नाय म्हणता," मी म्हटलं.

"कित्याक?" त्याने विचारलं.

मी विचारलं. बाई म्हणाली, "तुझी शेड चांगली. तुझी माणसं चांगली. त्या म्हाताऱ्याइतका सरळ माणूस मी फार पाहिला नाही. पण हजारो मैलांवर बसून मला जे कळायला हवं ते इथे कुणी तोंडावर सांगणार नाही. आज सांगितलं ते हिने. आणि ही प्रत्येक मेजापाशी बसायची नाही."

मी तेही सांगितलं. स्वतःबद्दलचं वाक्यसुद्धा शब्दाला शब्द लावून सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू बघून रडू आलं असतं. "म्हणजे बघ," म्हणाला. "तू होतंस म्हणान नाय, आनी तू सदांच आसचंस नाय म्हणानय नाय." मी होते म्हणून नकार, आणि मी कायम असणार नाही म्हणूनही नकारच.

बाईने त्याच्यासमोर हात केला. त्याने तो घेतला, नीट, दोन्ही हातांनी. मग त्याने तिला चहा पिऊनच जायला लावलं. आईने केलेल्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा गाडीत ठेवला. पाहुणी होती ना ती.

पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "बोल ना मला काय बोलायचं ते! शिव्या दे!" तर म्हणाला, "कशाक? तू खराच बोललंस." खऱ्या बोलण्याची एवढी जड शिक्षा असते हे मला मुलांना कधी शिकवता आलं नव्हतं. चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण बरोबर असण्याने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हेही तितकंच खरं.

त्याने आणखी काही महिने शेड ओढली. मग एकेक माणूस गेला, कुणी सावंतवाडीला, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात, एक तर गोवा सोडून पार लांब. जाताना प्रत्येक जण "येतंय हां" म्हणून गेला. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत.

शेवटच्या दिवशी त्याने मला आणि आईला बोलावलं. दिवेलागणीची वेळ होती. आईने शेडच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. आत सगळं झाडून घेतलं होतं, तेलाचे डागसुद्धा पुसलेले. भावाने शटर दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं. एवढं मोठं शटर, त्याचा आवाज सगळ्या डिचोलीला ऐकू गेला असेल. कुलूप लावून त्याने किल्ली आईच्या हातात दिली आणि तो माझ्याकडे वळला.

"बंद केलंय, ताय," तो म्हणाला.

"शिव शिव!" आई कळवळली. "तिन्हीसांजेच्या वक्ताक असला बोलाचा नाय रे!"

त्याने आईकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडेच बघत होता, राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, नुसता थकवा. माझ्यासाठी म्हणून तो तो शब्द बोलला होता. सरळ, खरा, तोंडावर. मला हवा असतो तसा.

आणि मी, भर मेजावर परक्या बाईला अर्थ समजावून देणारी मी, पुढे झाले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"असा बोलू नको रे बाबू," मी म्हटलं. "वाढवलंय म्हण."